थंडीतलं कंपोझिट: गरम करणं सोपं, गरम असताना दातात पोचवणं अवघड

निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आल्या की आमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली चुलीशेजारी जाते आणि माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मालाचा, हीटर कपाटातून बाहेर येतो. क्लिनिक पंचवटीत आहे, दिंडोरी रोडला लागून, तळमजल्यावर. उत्तरेकडे तोंड, उन्हाचा पत्ता नाही. जानेवारीत सकाळी साडेनऊला भिंतीवरचा थर्मामीटर १७ दाखवतो. अशा सकाळी फ्रीजमधून नुकतीच काढलेली सिरिंज फिरवायला घ्या, अंगठा दुखून येतो आणि बाहेर येतं ते वाळलेल्या कणकेसारखं. तीच सिरिंज मे महिन्यात, वीज गेलेल्या दुपारी, इन्स्ट्रुमेंटला अशी चिकटते की कस्प (दाढेवरचा उंचवटा) घडवावा तर तो बसकण मारतो.

एकाच डबीतला माल दोन ऋतूंत दोन तऱ्हेने वागतो, हे मला प्रॅक्टिसची पहिली दहा वर्षं दिसत होतं, पण त्याचा उपयोग करून घ्यावा हे सुचलं नव्हतं. आता गेली काही वर्षं मागच्या दातांच्या जवळजवळ सगळ्या फिलिंग्जना मी कंपोझिट आधी गरम करते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, किती अंशांवर ठेवायचं?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न हा की यंत्रातून काढल्यापासून दातात पडेपर्यंत तुमचे किती सेकंद जातात.

आधी आत काय घडतं ते थोडक्यात. कंपोझिट म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या चिकट द्रवात, कालवलेली काचेची पूड. मागच्या दातांच्या मालात वजनाने सत्तर-ऐंशी टक्के पूडच असते. रेझिनमधला मुख्य रेणू बिस-जीएमए, राफाएल बोवेन यांनी १९६२ साली पेटंट घेतलेला. हा रेणू जाडजूड आणि ताठ असतो, त्याच्यावरचे हायड्रॉक्सिल गट शेजारच्या रेणूला धरून ठेवतात, म्हणून तो मुळातच घट्ट. उष्णता दिली की ही पकड ढिली होते, रेणू हलायला लागतात आणि सगळा गोळा सैल पडतो. खोबरेल तेलाचं उदाहरण मी वर दिलं खरं, पण ते तंतोतंत लागू पडत नाही. तेल गोठलेलं असतं आणि वितळतं. कंपोझिट वितळत नाही, ते काकवीसारखं पातळ होत जातं. थंड काकवी चमच्याला धरून बसते, कढत भाकरीवर पडली की पसरते. किती पातळ होईल ते मालावर अवलंबून. काही मालांची घट्टपणाची मोजणी तिसऱ्या हिश्श्याने कमी होते, काहींची पाव हिश्श्यावर येते. म्हणून एका कंपनीच्या मालाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. निळा प्रकाश पडला की मालातलं कॅम्फरक्विनोन हे रसायन जागं होतं, साखळ्या जुळायला लागतात आणि माल कडक होतो. पण कडक होता होताच रेणूंची हालचाल थांबते आणि बरेच रेणू न जुळता अडकून पडतात. खोलीच्या तापमानाला साधारण निम्मे ते पाऊण बंध जुळतात, बाकीचे तसेच राहतात. माल गरम असेल तर रेणूंना हलायला आणखी थोडा वेळ मिळतो, जुळणी वाढते, पृष्ठभागाचा कडकपणा वाढतो. प्रयोगशाळेत ६० अंशांवरच्या कंपोझिटने पाच सेकंदांच्या प्रकाशात जी जुळणी गाठली, ती खोलीच्या तापमानाच्या मालाला वीस सेकंदांत गाठता आली. हे ऐकलं की मुलांचे डोळे चमकतात. म्हणून लगेच सांगून टाकते: क्युरिंगची, म्हणजे माल कडक करायला प्रकाश धरायची, वेळ एका सेकंदानेही कमी करायची नाही. त्या प्रयोगात माल खरोखर ६० अंशांवर धरून ठेवला होता. तुमच्या पेशंटच्या तोंडात तो तसा राहत नाही.

वाकवून मोडायची ताकद मात्र गरम केल्याने फारशी वाढत नाही, कमीही होत नाही. "गरम केलं की फिलिंग दुप्पट टिकतं" असं कुणी सांगितलं तर त्याच्या हातचा चहा प्या, सल्ला घेऊ नका.

आता माझी फजिती. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे हीटर नव्हता. बाळाची दुधाची बाटली गरम करायचं भांडं आणलं, सिरिंज प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्यात सोडली. पेशंट दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. घड गारठू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून तसेच आले होते, स्वेटरला धुराचा वास. खालची पहिली दाढ, पुढच्या बाजूने खोल किडलेली. मी किडलेला भाग काढला, मदतनीस मावशींना सिरिंज पाण्यातून काढायला सांगितली, पॅडवर माल काढून ठेवला आणि मग मॅट्रिक्स बँड (दाढेभोवती तात्पुरती भिंत म्हणून लावायची पट्टी) बसवायला घेतला. बँड काही केल्या बसेना. वेज (बँड घट्ट धरणारी दोन दातांमधली पाचर) बदलली, हिरडीतून रक्त आलं, ते थांबवलं, पुन्हा धुतलं, पुन्हा बाँड (माल दाताला चिकटवणारा द्रव) लावला. सहा-सात मिनिटं गेली असतील. पॅडवरचा गोळा तोवर गार. मी मात्र मनाने गरम कंपोझिट भरत होते, म्हणजे नेहमीपेक्षा हलक्या हाताने, तो आपोआप पसरेल या भरवशावर. एक्स-रे काढला तर बॉक्सच्या, म्हणजे दाढेच्या बाजूला कोरलेल्या खड्ड्याच्या, तळाशी कोपऱ्यात हरभऱ्याच्या सालाएवढी काळी पोकळी. सगळं काढून परत भरलं, पैसे अर्थातच एकदाचेच घेतले. बागायतदारांना काय झालं ते सांगितलं तर म्हणाले, "संध्याकाळी शेकोटी पेटवून झोपलं तर बाग वाचत नाही ताई, पहाटे धग लागते." ते सहज बोलून गेले. मी मात्र त्या आठवड्यात घड्याळ घेऊन बसले.

हीटरमधून बाहेर काढलेल्या ६० अंशांच्या कंप्यूलची (एका वेळचा माल भरलेल्या छोट्या कुपीची) वाढीव उष्णता दोन मिनिटांत निम्मी आणि पाच मिनिटांत जवळजवळ नव्वद टक्के निघून जाते, हे मोजलेलं आहे. आणि ही कंप्यूलच्या आतल्या मालाची गोष्ट. हरभऱ्याएवढा गोळा पॅडवर उघडा ठेवला तर तो त्याहून फार लवकर गार होतो. दातात पडेपर्यंत तो जेमतेम शरीराच्या तापमानाच्या आसपास येऊन ठेपतो. म्हणजे तुमच्या हातात मिनिटं नाहीत. गरम माल लगेच क्युअर केला तर कडेची गळती कमी दिसते, पण भरून पंधरा सेकंद नुसतं थांबलात तरी तो फायदा पुसला जाऊ शकतो.

म्हणून कामाचा क्रम मी असा ठरवला आहे. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी हीटर चालू. माझं यंत्र कोरडं आहे, धातूच्या ठोकळ्यात खाचा असलेलं, ३७, ५४ आणि ६८ अंशांच्या तीन पायऱ्यांचं. मी ५४ वर ठेवते आणि अगदी घट्ट माल असेल तरच ६८ वर जाते. ठोकळा तापल्याचा दिवा लागला म्हणजे आतला माल तापला असं नाही. कंप्यूलला दहा-बारा मिनिटं लागतात, जाड सिरिंजला त्याहून बराच जास्त वेळ. हे मालाच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, स्वतः मोजायला लागतं. मुदत संपलेली सिरिंज टाकून देऊ नका. तिच्यात मागून बारीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर खुपसा, हीटरमध्ये ठेवा आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. मग बाहेर काढून गार होतानाचेही आकडे लिहा. माझ्या यंत्रात सिरिंजला पंचवीस मिनिटं लागली आणि ५४ वर लावूनही आत ५० च्या पुढे आकडा गेला नाही. तो कागद अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

माल तापतोय तोवर बाकी सगळं उरकायचं. भूल, रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा), कीड काढणं, मग मॅट्रिक्स. इथे घाई करू नका, कारण गरम कंपोझिटचा सगळ्यात मोठा त्रास इथेच होतो. पातळ झालेला माल जिथे फट मिळेल तिथे शिरतो. वेज सैल असेल तर हिरडीखाली पातळ पापुद्रा जातो, तो क्युअर होतो आणि पुढे महिनाभर पेशंट फ्लॉस अडकतो म्हणून फोन करत राहतो. थंड मालाला जी वेज चालायची ती गरम मालाला चालतेच असं नाही. मी बँड बसवल्यावर प्रोबचं टोक खालच्या कडेवरून सावकाश फिरवते. टोक कुठे अडखळलं, तर वेज बदलते. तेवढं झाल्यावरच एच (दाताला आम्ल लावणं) आणि बाँड.

बाँडिंगची बाटली चुकूनही हीटरवर ठेवू नका. त्यात बहुधा अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन असतं, ते उडून जातं आणि उरलेला बाँड दाट होतो. एकदा एका शिकाऊ मुलाने "सगळंच गरम" या उत्साहात ती ठेवली होती. बाटली नवी होती. पुढचं सांगत नाही.

बाँड क्युअर झाला, कॅव्हिटी (दातातला खड्डा) कोरडी, लाळेचा सक्शन जागेवर, प्लगर (माल दाबायचं हत्यार) हातात, क्युरिंग लाइट मावशींच्या हातात. आता आणि आताच कंप्यूल बाहेर. कंप्यूल धरायची गन धातूची असेल तर ती थंडीत बर्फासारखी असते आणि माल तोंडात जायच्या आत उष्णता खाऊन टाकते. म्हणून कंप्यूल गनमध्ये बसवूनच दोन्ही एकत्र गरम करते. यंत्रात तशी जागा नसेल तर गन निदान हीटरच्या झाकणावर ठेवा. प्लगरचं टोकही मी ठोकळ्याच्या कडेला टेकवून ठेवते. कंप्यूलचं नाक बॉक्सच्या तळाला टेकवायचं, माल सोडत हळूहळू वर यायचं, नाक मालाच्या आतच बुडालेलं ठेवायचं. नाक मधेच बाहेर काढून परत खुपसलं की हवा अडकलीच. मावशी मनात नाही, मोठ्याने मोजतात: एक, दोन, तीन. दहाच्या आत पहिला थर पडला पाहिजे, पुढच्या पाच-सातात तो कोपऱ्यांत दाबून बसवला पाहिजे, मग लगेच लाइट. सुरुवातीला पेशंटला वाटायचं की काहीतरी बिघडलंय, आता मी आधीच सांगून ठेवते की मावशी मोजतील, तुम्ही घाबरू नका.

आपल्याकडे बहुतेक क्लिनिकमध्ये कंप्यूल नसतात, सिरिंजच असते, कारण ती स्वस्त पडते. माझंही अर्धं काम सिरिंजवरच चालतं. तेव्हा एवढंच करा की माल पॅडवर काढू नका. हीटरच्या ठोकळ्यावर छोटी वाटीसारखी खाच असते, नसेल तर स्टीलची लहान डॅपन डिश (छोटी वाटी) त्यावर गरम करून ठेवा. लागेल तेवढाच तुकडा त्यात काढा आणि वर नारिंगी झाकण घाला. झाकण विसरलात तर डोक्यावरच्या दिव्यातला निळा भाग काम सुरू करतो, आणि गरम माल थंड मालापेक्षा लवकर पकडतो. पृष्ठभागावर साय धरल्यासारखं दिसलं की तो तुकडा टाकून द्यायचा, चेपून वापरायचा नाही. खुर्चीचा दिवाही मी भरताना बाजूला वळवते.

थराची जाडी तीच. साधा माल असेल तर दोन मिलिमीटर, बल्क-फिल (जाड थरात भरायचा माल) असेल तर कंपनीने सांगितली आहे तेवढी, बहुधा चार. गरम केल्याने प्रकाश जास्त खोल शिरतो असा समज करून घेऊन पाच-सहा मिलिमीटर एकदम ओतू नका. आकसण्याचं कोडंही लक्षात ठेवा. जास्त बंध जुळले म्हणजे माल जास्त आकसणार, शिवाय गार होतानाही थोडा आकसणार. दुसऱ्या बाजूने माल सैल असल्यामुळे भिंतींना छान चिकटून बसतो आणि सुरुवातीचा ताण वाहून जायला त्याला वाव मिळतो. या दोन्हींत कोण जिंकतं ते मालागणिक बदलतं. मी स्वतः खोल डबीसारख्या कॅव्हिटीत तिरके थर सोडलेले नाहीत.

"नस जळणार नाही ना?" हा प्रश्न पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त विचारतात. उत्तर आकड्यांत आहे. गरम कंपोझिट भरल्याने नसेच्या पोकळीतलं तापमान एका अंशानेही वाढत नाही असं प्रयोगशाळेत आढळलं, तर त्याच प्रयोगात क्युरिंग लाइटनेच सुमारे पाच अंश चढले. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या कामात साडेपाच अंशांच्या वाढीला पंधरा टक्के नसा सावरल्या नाहीत. म्हणजे भीती बाळगायची तर लाइटची बाळगा. जोरदार लाइट खोल कॅव्हिटीत धरताना मी मावशींना हवा-पाण्याच्या सिरिंजची हवा बाजूने सोडायला सांगते आणि दोन क्युअरच्या मधे थोडं थांबते. दाताच्या आतल्या भागाची काळजी अशी मिटते, ओठाची नाही. ५४ किंवा ६८ अंशांची कंप्यूल ओठाला टेकली तर चटका बसतो, आणि भूल दिलेल्या ओठाला ते कळतही नाही. रबर डॅम असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ओठावर गॉज ठेवा.

कुठला माल गरम करायचा? घट्ट, भरपूर पूड असलेला, घडवता येणारा माल गरम केल्याचं सार्थक होतं. फ्लोएबल, म्हणजे मुळातच पातळ कंपोझिट, गरम करू नका, ते आधीच वाहतं, गरम केलं तर पळतं. काही माल मुळातच गरम करूनच वापरण्यासाठी बनवलेले आहेत, वोको कंपनीचा व्हिस्कॅलॉर त्यांपैकी एक. बाकीच्यांचं माहितीपत्रक काढून वाचा. काही कंपन्या किती अंशांपर्यंत, किती वेळ आणि किती वेळा हे स्पष्ट लिहितात; काहींनी गरम करू नका असंच लिहिलेलं असतं. जे काहीच लिहीत नाहीत त्यांच्या मालाची सिरिंज मी दिवसभर हीटरवर ठेवत नाही. सकाळी लागतील तेवढ्या कंप्यूल तापवते. एकदा तापवून उरलेल्या कंप्यूलवर मार्करने टिंब काढते आणि दुसऱ्यांदा तीच आधी वापरते. तीन टिंबं झाली की ती माझ्या शिकाऊ मुलांना सरावासाठी. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या मनाची समजूत आहे.

ऑनले (बाहेर बनवून दाढेवर बसवायचा तुकडा) किंवा व्हिनिअर (पुढच्या दातावरचा पातळ थर) चिकटवायला सिमेंटऐवजी गरम कंपोझिट वापरणारेही बरेच आहेत. रंग भरपूर, जास्तीचा माल काढायला सोपा, झीज कमी. अडचण अशी की काही माल कितीही गरम केले तरी पुरेसा पातळ थर देत नाहीत आणि ऑनले उंच बसते. चिकटवण्याच्या सिमेंटच्या थरासाठी आयएसओ ४०४९ मध्ये ५० मायक्रॉनची मर्यादा आहे. मी व्हिनिअरसाठी करते, ऑनलेसाठी क्वचित. करायचंच असेल तर आधी दोन काचपट्ट्यांमध्ये तुमचा माल दाबून बघा.

आणखी एक, हीटर म्हणजे ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) नव्हे. ५४ अंशांत सगळे जंतू मरतील असं धरून चालू नका. सिरिंजला प्रत्येक पेशंटला नवी प्लास्टिकची बाही घाला, ठोकळा पेशंटगणिक पुसा, आणि तोंडात जाऊन आलेली कंप्यूल परत खाचेत ठेवू नका. पाण्यात सिरिंज सोडायचा माझा जुना उद्योग याच कारणासाठीही वाईट होता. टोपीच्या आट्यांत पाणी राहायचं आणि पुढच्या पेशंटच्या कोरड्या कॅव्हिटीत एक थेंब हजर.

उन्हाळ्यात काय करावं, असंही विचारतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उलट क्रम. सिरिंज फ्रीजमध्येच, कामाच्या अर्धा तास आधी बाहेर, आणि कस्प घडवायचा वरचा थर न तापवता. तळाचा थर मात्र मी मे महिन्यातही गरमच भरते. जुलैत फ्रीजमधून काढलेल्या सिरिंजवर दव धरतं, ते पुसून मगच टोपी उघडायची.

ते बागायतदार गेल्या महिन्यात दुसऱ्या बाजूची दाढ दाखवायला आले होते. चिवड्यातल्या शेंगदाण्याने कोपरा उडाला होता. मावशींनी मोजायला सुरुवात केली, नऊला माल आत होता, सोळाला लाइट लागला. एक्स-रे त्यांनी स्वतःच हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि जुन्या दाढेचाही मागितला, दोन्ही शेजारी ठेवून बघायला.